स्कॅनर नंतर, आधी पेन्सिल: स्त्री चळवळींचे कागद जपायचे कसे

एखाद्या संघटनेचं ऑफिस बंद होतं, किंवा चळवळीत उभं आयुष्य घालवलेली कुणी घर बदलते, किंवा जाते, आणि मग कपाटामागून खोकी निघायला लागतात. सायक्लोस्टाइल (हाताने फिरवायच्या स्टेन्सिल यंत्रावर काढलेली) पत्रकं, बैठकांच्या वह्या, कॅसेट, मोर्चाचे फोटो, भांडणाची पत्रं, देणगीच्या पावत्या, घडीवर विरलेलं कापडी बॅनर. जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "सगळं स्कॅन करून ड्राइव्हवर टाकून देऊ ना, संपलं." मीही म्हणाले होते. आता माझं मत असं आहे की स्कॅनिंग हे या कामातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात शेवटी करायचं काम आहे, आणि आज केलं नाही तर उद्या कुणालाच करता येणार नाही असं काम म्हणजे नावं लिहिणं. कागद अजून वीस वर्षं तग धरेल, पण फोटोतल्या तिसऱ्या रांगेतली बाई कोण हे सांगू शकणारी तोवर असेलच असं नाही.

ताराबाई शिंदेंचंच बघा. त्यांचं 'स्त्री पुरुष तुलना' हे पुस्तक १८८२ साली छापलं गेलं, जोतिराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या 'सत्सार' या नियतकालिकात त्याची बाजू घेतली, आणि मग ते जवळजवळ नजरेआड झालं ते संशोधक स. गं. मालशेंनी १९७५ मध्ये पुन्हा छापेपर्यंत. पुस्तक परत मिळालं, पण बाईंच्या आयुष्याची माहिती मात्र मोजक्या ओळींत संपते, कारण त्यांना ओळखणाऱ्यांना कुणी वेळेवर विचारून लिहून ठेवलं नाही. त्यामुळे खाली जो क्रम दिलाय तो मुद्दाम तसा आहे, स्कॅनिंग खूप खाली येईल, धीर धरा.

पायरी १: हात लावायच्या आधी फोटो

आमच्याकडे पहिल्यांदा अशी खोकी आली तेव्हा आम्ही चौघींनी एका रविवारी सगळं 'लावून' टाकलं. फोटो एकीकडे, पत्रं एकीकडे, पत्रकं साइजप्रमाणे, दिसायला इतकं छान दिसत होतं की आम्ही त्याचाही फोटो काढला. संध्याकाळी एकीच्या लक्षात आलं की फोटो मुळात बैठकीच्या वहीच्या पानांमध्ये ठेवलेले होते, म्हणजे कुठला फोटो कुठल्या बैठकीचा हे ठेवणारीने नुसत्या ठेवण्यातूनच सांगितलं होतं आणि आम्ही ते दोन तासांत पुसून टाकलं. त्यातले काही चेहरे आजही आमच्या यादीत 'अनोळखी महिला' म्हणून पडून आहेत.

म्हणून नियम एकच. खोकं उघडलं की मोबाइलने वरून फोटो, एक थर उचलला की पुन्हा फोटो. खोक्याला नंबर द्या, आणि जे ज्याच्यासोबत होतं ते त्याच्यासोबतच ठेवा, फाइलच्या आत फाइल असेल तर तशीच. तुम्हाला तो पसारा वाटेल पण ती त्या बाईची पद्धत असू शकते, ती कळेपर्यंत सुधारायला जाऊ नका.

त्याच दिवशी एक आवक वही सुरू करा. साधी, शिवलेली, सुटी पानं नकोत. खोकी कुणाकडून आली, कोणत्या तारखेला, किती, आधी कुठे ठेवलेली होती, मधल्या काळात कुणाकुणाच्या घरी फिरली, देणारीने काय अट घातली. या पाच-सात ओळी कंटाळवाण्या वाटतात पण दहा वर्षांनी "हे तुमच्याकडे कसं आलं?" असं कुणी चढ्या आवाजात विचारलं की उत्तर तिथेच सापडतं.

पायरी २: पेन्सिल

आता मुख्य काम. चळवळीतल्या तीन-चार जुन्या जणींना एकत्र बोलवा. एकेकटीकडे जाऊ नका असं नाही, पण एकत्र बसल्या की एकीची आठवण दुसरीला उठवते, आणि वाद झाले की अजून चांगलं.

फोटो ओळखायची आमची पद्धत सांगते. मूळ फोटो हातोहात फिरवायचा नाही, मोठी प्रिंट काढायची, तिच्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून प्रत्येक डोक्याचा नुसता गोल काढायचा आणि गोलात नंबर टाकायचा. मग नंबरासमोर नाव, आणि नावासमोर कुणी ओळखलं ते. त्यापुढे 'खात्री' किंवा 'बहुतेक'. दोघींनी दोन वेगळी नावं सांगितली तर दोन्ही लिहायची, निकाल आपण द्यायचा नाही. मूळ फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने, कडेला, दाब न देता फक्त नंबर लिहायचा. बॉलपेनने लिहिलं की दुसऱ्या बाजूला उठतं आणि शाई पाझरते ती वेगळीच. प्लॅस्टिकचा थर असलेल्या चकचकीत कलर फोटोंवर पेन्सिल चालत नाही, तिथे नंबर बाहेरच्या पाकिटावर.

आणि नावं एवढी सोपी नसतात हो. एकच बाई १९७८ च्या पत्रकावर माहेरच्या आडनावाने सही करते, १९८४ च्या यादीत 'सौ.' लावून सासरच्या नावाने येते, नंतर दोन्ही आडनावं लावते, आणि मधल्या काळात तिने टोपणनावाने लेख लिहिलेले असतात. यादीत हे नीट जोडलं नाही तर एका बाईच्या तीन अर्धवट बायका होतात. त्यामुळे नावासाठी एक रकाना पुरत नाही, तिला स्वतःला आवडतं ते नाव, कागदावर जसं छापलंय ते नाव, आणि इतर नावं असे निदान तीन ठेवा. ट्रान्स व्यक्तींच्या बाबतीत जुनं नाव उघड यादीत टाकायचं की नाही हे त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही.

नावांसोबत आणखी चार प्रश्न विचारा. फोटो काढला कुणी? (ती कधीच फोटोत नसते.) पत्रकाचा मजकूर लिहिला कुणी आणि सायक्लोस्टाइल कुणी केलं? मोर्चाच्या दिवशी पोरं कुणी सांभाळली? आणि या गटातून बाहेर कोण पडलं, का? शेवटच्या प्रश्नावर खोलीत शांतता पसरते. थांबा. बहुतेक वेळा कुणीतरी बोलतंच.

पायरी ३: इथे कोण नाहीये?

खोकं कितीही भरलेलं असलं तरी ते कपाट असलेल्या, लिहिता-वाचता येणाऱ्या, टाइपरायटर किंवा लेटरहेड परवडणाऱ्या बायकांचं असतं. हा दोष कुणा एकीचा नाही पण तो ओळखला नाही तर तुमचा संग्रह सांगेल की चळवळ त्याच आठ-दहा जणींनी केली. म्हणून 'गैरहजर' नावाचा एक कागद भिंतीवर लावा. मजूर बायका, दलित आणि आदिवासी गट, घरकामगार, अपंग स्त्रिया, देहविक्री करणाऱ्यांच्या संघटना, लेस्बियन आणि ट्रान्स गट, अल्पसंख्याक समाजातल्या बायका, ज्यांचा एखाद-दुसरा उल्लेख तुमच्या कागदात 'इतर भगिनी' म्हणून येऊन जातो त्या सगळ्या.

त्यांचा इतिहास कुठे असतो? पावत्यांच्या पुस्तकात, हजेरीच्या यादीत, कोर्टाच्या तारखेच्या चिठ्ठीत, गाण्यात आणि डोक्यात. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या घरोघरी जाऊन, बोलतं करून 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये आणलं, ते आधी कागदात शोधत बसल्या असत्या तर फारसं हाती लागलं नसतं. मुंबईत १९८८ साली सुरू झालेल्या 'स्पॅरो' या संग्रहाच्या (साउंड अँड पिक्चर आर्काइव्ह्ज फॉर रिसर्च ऑन विमेन) तर नावातच आवाज आणि चित्र आहे, कारण बायकांचं जग लेखी कागदापुरतं नसतं हे लेखिका सी. एस. लक्ष्मी आणि त्यांच्या सोबतच्या मंडळींनी आधीपासूनच धरलं होतं. झुबान या स्त्रीवादी प्रकाशन संस्थेने 'पोस्टर विमेन' प्रकल्पातून चळवळीची पोस्टरं गोळा केली तेही त्याच जातीचं काम.

एक सावधपणा मात्र हवा. "तुमचं सगळं आमच्याकडे द्या, आम्ही सांभाळू" ही भाषा ऐकायला उदार वाटते पण ज्यांचा आधीच वापर झालाय त्यांना ती ओळखीची असते. न्यूयॉर्कचं लेस्बियन हरस्टोरी आर्काइव्ह्ज १९७४ पासूनचं, बरीच वर्षं त्याच्या संस्थापकांपैकी एक जोन नेसल यांच्या राहत्या घरात होतं, पुढे १९९३ मध्ये ब्रुकलिनला स्वतःच्या इमारतीत गेलं, आणि ते मुद्दामच कुठल्या विद्यापीठाला दिलं नाही. काही गटांना खोकी तुम्हाला द्यायची नसतात, फक्त चांगली पाकिटं आणि यादी कशी करायची ते हवं असतं. तेवढंच द्या.

ठेवायचं काय, फेकायचं काय हे थोडक्यात. बैठकांच्या वह्या सगळ्या ठेवा. एकाच पत्रकाच्या दोनशे प्रती असतील तर तीन ठेवा, उरलेल्या इतर संग्रहांना वाटा. पावत्या नमुन्यापुरत्या, पण ज्यावर कुणी काही खरडलंय त्या सगळ्या. आणि भांडणाची पत्रं कधीही फेकायची नाहीत, दोन्ही बाजूंची ठेवा, गट फुटल्यावर निघालेल्या दोन विरोधी पत्रकांपैकी एकच सापडलं तर दुसऱ्याच्या मागे लागा.

पायरी ४: परवानगी, आणि इथे घाई नको

तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात आणि लोक त्या एक धरतात: कागदाची मालकी, मजकुराचा कॉपीराइट आणि त्यात उल्लेख असलेल्यांची प्रायव्हसी. सोपं उदाहरण पत्राचं. पत्र जिला आलं तिच्या मालकीचा तो कागद, पण मजकुराचा हक्क लिहिणारीचा, आणि पत्रात जिच्या नवऱ्याच्या मारहाणीबद्दल लिहिलंय ती तिसरीच, तिला तर हे पत्र अस्तित्वात आहे हेही माहीत नसतं. देणारीने सही केली म्हणजे पहिली गोष्ट मिटली, बाकीच्या दोन तशाच.

ब्रिटनच्या 'स्पेअर रिब' मासिकाचं उदाहरण हातात ठेवण्यासारखं आहे. १९७२ ते १९९३ पर्यंतचे अंक ब्रिटिश लायब्ररीने २०१५ मध्ये सगळ्यांसाठी ऑनलाइन खुले केले. शेकडो जणींनी लिहिलेलं, कित्येकींचा पत्ताच लागेना, तेव्हा ज्यांचा हक्कदार सापडत नाही अशा मजकुरासाठी युरोपियन युनियनच्या कायद्यात जी सवलत होती तिचा आधार घेतला होता. ब्रिटन युनियनमधून बाहेर पडलं, सवलत गेली आणि ते संकेतस्थळ थांबवावं लागलं. मेहनतीत काही कमी नव्हतं, पण परवानग्यांखालचा पाट सरकला. म्हणून सापडतील तेवढ्या जणींची लेखी परवानगी आत्ताच घ्या.

दुसरं उदाहरण अजून नाजूक. 'ऑन अवर बॅक्स' हे अमेरिकेतलं लेस्बियन कामुक मासिक १९८४ पासूनचं, ते एका डिजिटल प्रकल्पाने नेटवर टाकलं. छापलं होतं तेव्हा ते मोजक्या, ओळखीच्या वर्तुळात फिरणार या हिशोबाने बायकांनी फोटो दिले होते, आता नाव टाकलं की बॉसलाही दिसणार. टारा रॉबर्टसन या ग्रंथपाल बाईंनी हा प्रश्न जाहीरपणे लावून धरला आणि २०१६ मध्ये ते अंक नेटवरून काढले गेले. छापायला संमती होती म्हणून गुगलवर सापडायलाही संमती आहे, असं धरता येत नाही.

देणगीपत्र साध्या भाषेत एका पानाचं करा. काय दिलं, मूळ दिलं की प्रत, कॉपीराइट कुणाकडे, कुणाला बघता येईल, काय बंद आणि कधीपर्यंत, नेटवर टाकायचं का, नकोसं झालं तर परत घेता येईल का. वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि ते रेकॉर्ड करा. समुपदेशन केंद्राच्या किंवा आधारगृहाच्या केस फाइल्स असतील तर माझा स्पष्ट सल्ला: कुलूपबंद ठेवायची सोय आणि जाणकार वकील दोन्ही नसेल तर घेऊच नका.

पायरी ५: मुलाखती

हे खरं तर पायरी २ सोबतच चालू करायचं. मोबाइल चालतो, पण कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या, खोलीतला पंखा बंद करा, फोन एअरप्लेन मोडवर, आणि सुरुवातीला तारीख, जागा, दोघींची नावं बोला. आधी एकदा नुसतं जाऊन गप्पा मारून या. "चळवळीत कशा आलात?" असं विचारलंत की शंभरदा सांगून घोटलेलं भाषण येतं, त्याऐवजी एखादा फोटो किंवा पत्रक समोर ठेवून "या दिवशी सकाळी घरातून निघालात कशा?" विचारा. मग सासू येते, खोटं कारण येतं, उसनी साडी येते.

मजकूर उतरवताना तिची बोली 'शुद्ध' करायची नाही. जिथे ती थांबली, हसली, रडली, तिथे तसं लिहा. उतरवलेलं तिला परत वाचून दाखवा, काय गाळायचं ते तिने ठरवायचं, आणि संमती मुलाखतीआधी नव्हे तर नंतर घ्या, कारण आधी तिलाही माहीत नसतं ती काय काय बोलणार आहे.

आणि जे पाळता येणार नाही ते वचन देऊ नका. अमेरिकेतल्या बोस्टन कॉलेजच्या प्रकल्पात उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र गटांतल्या माणसांच्या मुलाखती 'तुम्ही हयात असेपर्यंत गुप्त' म्हणून घेतल्या होत्या, २०११ मध्ये कोर्टाचे आदेश आले आणि पुढे काही टेप पोलिसांच्या हातात गेल्या. भूमिगत काम, बेकायदा गर्भपाताला केलेली मदत, कुणाला लपवून ठेवणं, असं काही निघणार असेल तर रेकॉर्डर सुरू करायच्या आधीच सांगा की कोर्टाने मागितलं तर आम्ही अडवू शकू असं नाही. मग तिला ठरवू दे.

पायरी ६: कागद, कॅसेट, कापड

शत्रू तीन: ओल, उजेड आणि आपण स्वतः. खोकी जमिनीपासून वर, बाहेरच्या भिंतीपासून लांब, पाण्याच्या पाइपाखाली नाही. हवा शक्यतो २० अंशांच्या आसपास आणि दमटपणा ३० ते ५० टक्के, पण एवढं कुणाला जमतंय, निदान तापमान आणि ओल सारखी वर-खाली होऊ देऊ नका. स्वस्तातला आर्द्रता मापक खोलीत ठेवला तरी अंदाज येतो.

गंजलेल्या टाचण्या, स्टेपल, रबर बँड काढा. स्टेपल ओढायची नाही, मागचे दोन पाय बोथट सुरीने सरळ करून मग सोडवायची, नाहीतर कोपरा तिच्यासोबत येतो. सेलोटेप लावायची नाही, आणि जुनी लागलेली असेल तर खरवडायची नाही. लॅमिनेशन तर नकोच नको, उष्णतेने कागदावर प्लॅस्टिक कायमचं बसतं आणि आतला कागद कुजत राहिला तरी काही करता येत नाही. पाकिटं पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनची, पीव्हीसीची नाही, ज्या अल्बमचा उघडताच वास येतो तो पीव्हीसीचा असायची शक्यता जास्त. फोल्डर आम्लविरहित मिळाले तर उत्तम. वर्तमानपत्राची कात्रणं स्वतः पिवळी पडतात आणि शेजारच्यालाही पिवळं करतात, त्यांच्यात कोरा चांगला कागद घाला. फॅक्सचे आणि तसल्या थर्मल कागदाचे तर आजच झेरॉक्स काढा, ते अक्षरशः कोरे होतात.

बुरशी दिसली तर ते खोकं लगेच वेगळं करा, मास्क घाला, आणि ओलं असताना पुसायला जाऊ नका, आधी वाळू द्या. कागदात किडे असतील तर हवाबंद पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये उणे १८-२० अंशाला दोन आठवडे, मग बाहेर काढून पिशवी दिवसभर तशीच बंद ठेवायची म्हणजे पाणी पिशवीच्या बाहेर साचतं, कागदावर नाही. हे फक्त कागदांसाठी हं, फोटो आणि कॅसेट फ्रीझरमध्ये नकोत.

कॅसेट हातात आली की पहिलं काम म्हणजे वरच्या कडेला जे दोन छोटे प्लॅस्टिकचे दाते असतात ते तोडून टाकायचे, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही चढत नाही. १९८५ च्या परिषदेवर २०२५ मधला आपला खोकला नको. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती सडायला लागलीये, बाकीच्या फिल्मपासून लांब ठेवा आणि ती आधी कॉपी करायला द्या.

बॅनर घडी घालून ठेवू नका, जाड नळीवर स्वच्छ सुती कापड गुंडाळून त्यावर, रंगवलेली बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. धुवायचं तर अजिबात नाही, मोर्चाचा चिखल राहू दे.

पायरी ७: यादी

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात कारण पहिल्या खोक्यातल्या प्रत्येक चिठ्ठीची नोंद करायला घेतात आणि चौथ्या खोक्यापर्यंत पोचतच नाहीत. आधी सगळ्या खोक्यांची एकेका ओळीत नोंद, मग फाइलवार, आणि एकेक वस्तूची नोंद फक्त फोटो, पोस्टर, टेप यांची. स्प्रेडशीट पुरते. रकाने: नंबर, शीर्षक, कुणी केलं, कधी, कुठे, भाषा, काय प्रकार, कुणाकडून आलं, कुणाला बघता येईल, शेरा. 'डब्लिन कोअर' नावाची १५ रकान्यांची जगभर चालणारी पद्धत आहे, तिच्या जवळ राहिलात तर पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये माहिती हलवता येते.

तारीख माहीत नसेल तर रिकामं सोडू नका, 'अंदाजे १९८० ते ८३, पत्रकात अमुक खटल्याचा उल्लेख आहे त्यावरून' असं लिहा. जुन्या कागदावर आज टोचणारे शब्द असतील, जातीवरून, अपंगत्वावरून, तर शीर्षकात जसं छापलंय तसंच ठेवायचं आणि शेऱ्यात आजचा शब्द द्यायचा. विषयाचे शब्द मात्र आधी ठरवून घ्या, नाहीतर एकजण 'हुंडाबळी' लिहिते, दुसरी 'हुंडाविरोध', तिसरी 'कौटुंबिक हिंसा', आणि शोधताना तिन्ही वेगवेगळ्या गावाला जातात.

पायरी ८: आता स्कॅनर

आलो एकदाचे. छापील मजकूर ३०० ते ४०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके), फोटो ६००. मूळ प्रत टिफमध्ये (दर्जा न घटवणारा फाइलचा प्रकार), रोज वापरायला जेपेग किंवा पीडीएफ. पान रंगीतच स्कॅन करा, काळं-पांढरं केलं की पेन्सिलचे शेरे गायब होतात, आणि तेच तर आपल्याला हवे असतात. मागची बाजूही, कोरी दिसली तरी एकदा तिरप्या उजेडात बघून. आवाज वेव्ह फाइलमध्ये, २४ बिट आणि ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झला, एमपी३ फक्त ऐकायला. फाइलचं नाव रोमन अक्षरात, जागा न सोडता, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे आपोआप ओळीने लागतात.

मराठीवाल्यांसाठी एक खास दुखणं. नव्वदच्या दशकातल्या डीटीपी फाइल्स (छपाईसाठी कॉम्प्युटरवर जुळवलेल्या) युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखीच दिसणाऱ्या अक्षर-पद्धतीत, नसतात, श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेलं असतं, आणि तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडलं की नुसती चिन्हांची रांगोळी. फाइल शाबूत आणि वाचता मात्र येत नाही. जिच्याकडे तो फॉन्ट असलेला जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे तिला शोधा, फॉन्ट आत घेऊन पीडीएफ करा, मग युनिकोड कन्व्हर्टरमधून काढा आणि पीडीएफ समोर ठेवून ताडून बघा, जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. छापील देवनागरीचं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी होतं, सायक्लोस्टाइलवर फार आशा ठेवू नका.

बॅकअप: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. आणि प्रत्येक फाइलचा चेकसम काढून ठेवा, तो फाइलच्या अंगठ्याच्या ठशासारखा असतो, आतला एक बिट बदलला तरी ठसा बदलतो आणि फाइल खराब झाल्याचं कळतं.

पायरी ९: फोनमधली चळवळ

गेल्या पंधरा वर्षांची पत्रकं खोक्यात नाहीतच, ती फोनमध्ये आहेत. याहू ग्रुप्सवर कितीतरी गटांचा पत्रव्यवहार होता, तिथला जुना साठा २०१९ मध्ये काढून टाकला गेला आणि २०२० मध्ये सेवाच बंद झाली. म्हणून वेबपानं वेबॅक मशीनमध्ये (जुनी वेबपानं जपून ठेवणारं संकेतस्थळ) जमा करा, आणि लॉगिनमागची पानं आर्काइव्हवेबपेज सारख्या टूलने स्वतःच्या डिस्कवर. व्हॉट्सअॅप ग्रुप एक्सपोर्ट होतो, पण त्याला मेसेजच्या संख्येची मर्यादा असते त्यामुळे मोठा ग्रुप वेळोवेळी करावा लागतो, आणि ग्रुपमधल्या सगळ्यांना विचारल्याशिवाय करायचा नाही. फोन नंबर झाकायचे. आंदोलनाच्या फोटोत चेहरे ओळखू येतात आणि ते ओळखणारी यंत्रं आता सगळ्यांकडे आहेत, तेव्हा मूळ फोटो बंद कपाटात आणि बाहेर जाणारी प्रत चेहरे झाकून.

पायरी १०: तुमच्यानंतर कुणाकडे?

ॲमस्टरडॅमला १९३५ मध्ये रोझा मानुस आणि सोबतच्या दोघींनी स्त्री चळवळीचं आंतरराष्ट्रीय आर्काइव्ह काढलं. १९४० मध्ये नाझींनी ते बंद करून सगळा संग्रह उचलून नेला. रोझा नाझींच्या कैदेतच गेल्या. १९९२ मध्ये त्यातले कागद मॉस्कोच्या एका आर्काइव्हमध्ये असल्याचं कळलं आणि २००३ मध्ये ते परत आले, तेही काही भागच. आज ती संस्था 'आत्रिया' नावाने चालू आहे. दुसऱ्या गावात एक प्रत असती तर, असं म्हणायला सोपं आहे, तेव्हा झेरॉक्स नव्हतं, आपल्याकडे मात्र सबब नाही.

पण प्रत्येक वेळी सैन्यच लागतं असं नाही, साधा पैसा संपला तरी पुरतं. अमेरिकन इतिहासकार मेरी बिअर्ड यांचं न्यूयॉर्कमधलं वर्ल्ड सेंटर फॉर विमेन्स आर्काइव्ह्ज १९३५ ला सुरू झालं आणि १९४० ला निधीअभावी बंद. लंडनची विमेन्स लायब्ररी १९२६ पासूनची, तिलाही २०१३ मध्ये घर बदलून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडे जावं लागलं. त्यामुळे पहिल्याच वर्षी एका पानावर लिहून ठेवा की आम्हाला चालवणं जमलं नाही तर हा संग्रह कुणाकडे जाईल, तुकडे न करता, कोणत्या अटींवर, आणि त्या संस्थेचं लेखी 'हो' सोबत जोडा. मोठ्या संस्थेला देताना विचारा: यादी किती दिवसांत होईल, मूळ गटातल्या बायकांना ओळखपत्राशिवाय येऊन बघता येईल का, बंद ठेवायला सांगितलेलं खरंच बंद राहील का. तोंडी उत्तरावर जाऊ नका.

पासवर्ड किमान दोघींकडे, बंद पाकिटात. वर्षातून एक दिवस ठरवा, सगळी खोकी उघडून बघायची, हार्ड डिस्क लावून चेकसम ताडायचे, दर चार-पाच वर्षांनी डिस्क नवी. आमचा तो दिवस ८ मार्चच्या आदल्या रविवारी असतो, ८ ला सगळ्या बाहेर असतात. गेल्या वेळी त्या दिवशी एक जुनी कार्यकर्ती सहज बघायला म्हणून आली, भिंतीवरच्या ट्रेसिंग पेपरपाशी थांबली आणि नंबर ७ च्या गोलावर बोट ठेवून म्हणाली, "ही तर आमच्या गल्लीतली." नाव सांगितलं, पुढे तिचं काय झालं तेही. आम्ही लिहिलं, समोर 'खात्री'.